राखीव बार

३ डिसेंबर

वर्षअखेरच्या मैफलीची तालीम आज सुरू झाली. बाकी क्रम दर वर्षी बदलतो. शेवटची रचना ‘शिकार’, ती बदलत नाही. बदलली तर लोक खुर्च्या मोडतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

संचालक नवे आहेत. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आधी घोड्यांच्या टापा, त्या माझ्या. मग कुत्री, म्हणजे ट्रॉम्बोन. मग हॉर्नची हाक. मग सगळा वाद्यवृंद एकदम थांबतो आणि त्या शांततेत मी पिस्तुलाचा बार काढतो. नुसत्या दारूचा, गोळी नसते. बार झाला की आमच्यातलाच एक जण खुर्चीवरून कोसळतो. त्याच्या डोक्यावर कापडी शिंगं असतात. पडद्यामागचे दोघे भाऊ बार ऐकून फळी घेऊन धावत येतात, सावजाला तिच्यावर घालतात आणि बाजूच्या दाराने बाहेर नेतात. वाद्यवृंद पुढे वाजवत राहतो. मेलेल्याने शेवटची टाळी पडेपर्यंत परत यायचं नाही, हा नियम. लोक हसून हसून रडतात.

“आणि बार झालाच नाही तर?” संचालकांनी विचारलं.

“असं झालेलं नाही.”

“पण झालं तर?”

“पिस्तुलात दोन भरतो. एक वाजायचा, एक राखीव.”

“राखीव कधी वापरलात?”

“कधीच नाही.”

मागून जावई म्हणाले, “बाबांचा बार फुसका निघाला तर माझी हाक आहेच की. हाकेनेच मरेल हरीण.”

सगळे हसले. मीही हसलो. माणूस तिखट आहे, पण हॉर्न वाजवावा तर त्यांनीच.

६ डिसेंबर

तालमीत रक्त निघालं. चौथ्या हॉर्नवाल्याने हाकेत घाई केली. जावयांनी आपला हॉर्न जपून खाली ठेवला, समोरचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलं. मी मागे असतो, मला नीट ऐकू आलं. वाळलेल्या फांदीसारखा आवाज. तो माणूस ओरडला नाही. दातांतून श्वास ओढत राहिला. विजारीतून रक्त बुटात उतरलं आणि बुटातून फरशीवर आलं.

संचालक म्हणाले, “थोडी विश्रांती घेऊ.”

दवाखान्यात त्याने स्वतःच सांगितलं म्हणे, की स्टँड पायावर पडला. शहाणा आहे. मैफल तोंडावर आली असताना पहिला हॉर्न कुठून आणायचा? चौथा मिळतो.

विश्रांतीनंतर जावयांनी हाक वाजवली, ती अशी की अंगावर काटा आला. रक्त गरम असल्याशिवाय असा सूर येत नाही. मी ढमीकडे पाहिलं. ती समोरच्या कागदाकडे बघत होती. पान उलटायचं होतं, तिने उलटलं नव्हतं.

ढमी म्हणजे माझी लेक. व्हायोला वाजवते. लहानपणी तालमीत माझ्या मोठ्या ढोलाखाली झोपायची. तेव्हापासून मी धडामकाका आणि ती ढमी. वाद्यवृंदात आमची खरी नावं कोणाला आठवत असतील असं वाटत नाही.

९ डिसेंबर

ढमी दुपारी घरी आली होती. आईच्या आरशासमोर गळ्यातला रुमाल सोडून मान न्याहाळत होती. मी दारात होतो. आरशात तिचा दागिना दिसला.

व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणाऱ्यांच्या जबड्याखाली डाव्या बाजूला वाद्य घासून घासून डाग पडतो. आम्ही त्याला दागिना म्हणतो. डिसेंबरात सराव वाढला की तो चढतो. ढमीचा यंदा काळानिळा झालाय, कडेने पिवळा, आणि चांगला मानभर पसरलाय.

“यंदा दागिना भलताच चढलाय की,” मी म्हणालो.

ती दचकली. रुमाल गुंडाळला. “हो बाबा. सराव.”

“वा.”

ही म्हणाली, “अहो, तुम्ही जरा बाहेर व्हा बरं.”

झालो. मायलेकींचं काहीतरी चाललं होतं. दार लावून घेतलं. मला बरं वाटलं. मुलगी मेहनती निघाली. मीच ताल शिकवलाय तिला. चुकली की तळव्यावर लाकडी पट्टी. कधी रडली नाही. हूं नाही की चूं नाही. असं शिकवलेलं जन्मभर टिकतं.

१२ डिसेंबर

आज एक खोटं बोललो. का बोललो ते समजत नाही.

सावज चिठ्ठीने ठरतं. माझा छोटा ढोल उलटा करायचा, त्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि मी एक काढायची. तालमीआधी ढमी माझ्या ढोलांपाशी आली.

“बाबा, यंदा माझी चिठ्ठी काढा.”

“म्हणजे?”

“म्हणजे निघेल ती काढा आणि माझं नाव वाचा.”

“डोकं ठिकाणावर आहे का? इतकी वर्षं मी यात हातचलाखी केलेली नाही.”

“म्हणूनच कोणाला शंका येणार नाही.”

“पण कशासाठी? पडायची एवढी हौस?”

“एकदा मला पडायचंय, बाबा. छान पडेन.”

मी नाही म्हणालो. ती गेली. मग मी हात घातला. चिठ्ठीवर बासरीवाली होती. मी वर पाहिलं. ढमी माझ्याकडे बघत होती. पट्टी उचलली की पूर्वी बघायची तशी, पापणी न हलवता.

मी म्हणालो, “ढमी.”

टाळ्या पडल्या. बासरीवालीसुद्धा टाळ्या वाजवत होती. मी चिठ्ठी तोंडात घालून चावून गिळली. या वयात!

१५ डिसेंबर

जावयांकडे गेलो होतो. न्हाणीघराच्या दाराची फळी मधोमध फुटली आहे, आत लाथ घातल्यासारखी. जावई म्हणाले, हवेने लाकूड फुगलं होतं, अडकलेलं उघडावं लागलं. ढमी आत अडकली होती म्हणे. धांदरट आहे लहानपणापासून.

जावयांनी पाहुणचार छान केला. ताटलीत अक्रोड होते. एकेक अक्रोड डाव्या हातात धरून नुसत्या बोटांनी फोडत होते. हॉर्नच्या कळा डाव्या हाताने दाबतात, उजवा हात वाद्याच्या तोंडात असतो.

“कळा दाबून बोटं अशी होतात, बाबा. बघा.” कटकन. “घ्या.”

मी गर घेतला. ढमीला म्हणाले, “तुला फोडून देऊ?” ती नको म्हणाली. त्यांनी तरी फोडला आणि तिच्यासमोर ठेवला. तिने खाल्ला.

१८ डिसेंबर

पडण्याचा सराव. दर वर्षी मी सावजाला आधी पिस्तूल दाखवतो, म्हणजे ऐन वेळी दचकायला होत नाही. पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं आणि वीतभर अंतरावरून बार काढला. खोक्याला मुठीएवढं भोक पडलं, कडा जळून काळ्या झाल्या.

“गोळी नसली तरी जवळून हे होतं,” मी म्हणालो. “म्हणून मी हात वर करून हवेत काढतो.”

ढमी भोकात बोट घालून बघत होती. पडद्यामागचा थोरला भाऊ म्हणाला, “धडामकाका, आम्हाला पडद्याआडून काही दिसत नाही हं. बार ऐकला की धावायचं एवढंच आम्हाला माहीत.”

“ऐकाल. बहिरे झालात तरी ऐकाल.”

ढमी पडली. पडताना व्हायोला छातीशी कवटाळलेला, गज मुठीत.

“वाद्य खुर्चीवर ठेवून पड ना. मोडेल की.”

“नाही मोडणार. मी पाठीवर पडते.”

“अगं, पण हरणाच्या हातात व्हायोला?”

“लोक जास्त हसतील.”

यात तथ्य आहे. पण पडल्यावर तिला उठता येईना. बरगडी धरून बसली. मी म्हणालो, हरीण चांगलंच गाभण दिसतंय, लवकर उठत नाही. ती हसली आणि लगेच कळवळली. “हसवू नका बाबा, दुखतंय.”

“काय झालं?”

“शिडीवरून पडले.”

“तिथेही व्हायोला घेऊन?”

यावर ती हसली नाही.

मग भावांना विचारत होती, बाजूच्या दारातून बाहेर नेल्यावर फळी कुठे ठेवता, रस्त्यावरचं दार तेव्हा उघडं असतं का. धाकटा म्हणाला, सांगाल तर उघडं ठेवू ताई. बाहेर भयंकर थंडी असते, मी म्हणालो, दार बंदच ठेवा. दोघे भाऊ ढमीकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही.

२२ डिसेंबर

हिने माझ्याशी भांडण केलं. नाही, मी केलं. मैफलीला येणार नाही म्हणते. लग्न झाल्यापासून एकही मैफल चुकलेली नाही हिची.

“डोकं दुखेल त्या दिवशी.”

“आज सांगतेस? अजून नऊ दिवस आहेत!”

“मला माझं डोकं माहीत आहे.”

“लेक सावज आहे यंदा. बघायला नको?”

“बघून झालंय माझं,” ही म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. जाड कोटाला गुंड्या लावत बसली. कोट ढमीचा, लग्नाआधीचा. आता हा कोण घालणार?

२६ डिसेंबर

सभागृहात कबुतर शिरलं. मधेच फडफड करी, झुंबरावर आपटे. संचालकांनी दोनदा वादन थांबवलं. तिसऱ्यांदा जावई उठले, पायातला बूट काढला आणि फेकला. कबुतर सरळ खाली आलं, ढमीच्या पायांपाशी. जिवंत होतं. एक पंख फरशीवर घासत गोल गोल फिरत होतं. जावई एक बूट घालून, एक मोजा घालून चालत आले आणि बूट असलेल्या पायाची टाच त्याच्यावर ठेवली. मग भार दिला. बारीकसा आवाज झाला. ढमीच्या पोटरीवर शिंतोडे उडाले.

“बघा बाबा,” माझ्याकडे बघत म्हणाले. “बाराशिवाय.”

काही जण हसले. संचालक म्हणाले, “चला, हाकेपासून. आणि जरा जीव घेतल्यासारखं वाजवा, बागेत फिरायला निघाल्यासारखं नको.”

तालीम संपल्यावर जावयांनी मला कोपऱ्यात गाठलं.

“चिठ्ठी खरंच तिचीच निघाली होती?”

“म्हणजे काय!”

“तुम्ही खोटं बोलणार नाही, बाबा. तेवढी अक्कल नाही तुम्हाला.” आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

३१ डिसेंबर, दुपार

पिस्तूल साफ केलं. दोन भरले.

हिचं डोकं सकाळपासूनच दुखतंय. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली. म्हणाली, “बार नीट काढा.”

“आजवर कधी चुकलाय?”

“आज चुकू नका,” ही म्हणाली. माझ्या कोटाची कॉलर सारखी केली. कितीतरी वर्षांनी.

२ जानेवारी

घडलं त्या क्रमाने लिहितो.

सभागृह गच्च होतं. ‘शिकार’ सुरू झाली. ढमीच्या डोक्यावर शिंगं होती आणि त्यांच्यासाठी केस वर बांधलेले. रुमाल नव्हता. मंचावर रुमाल चालत नाही. मानेला तिने रंग चोपडला होता, पण दिवे तापले आणि घामाने तो उतरला. मी तिच्या मागे बसतो. टापा वाजवत होतो. समोर तिची मान होती.

तिच्या मानेवर चार ताजे डाग होते. एकाखाली एक, बोटांसारखे. उजव्या बाजूला.

वाद्य डाव्या बाजूला होतं.

माझे हात टापा वाजवत राहिले, ते आपले आपण वाजवतात. मी त्या दुपारच्या आरशाचा विचार करत होतो. आरशात उजवं डावं दिसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्याच व्यवसायातला डाग म्हणून मी तो पाहिला आणि वा म्हणालो. मग हाक सुरू झाली आणि मी हॉर्नकडे पाहिलं. डावा हात, चार बोटं कळांवर. अंगठा दिसत नव्हता. अंगठ्याचा डाग पलीकडे असणार, डावीकडे, खऱ्या दागिन्यात मिसळलेला.

हाक संपली. सगळे थांबले. मी पिस्तूल उचललं.

बार निघेना. पिस्तूल ठीक होतं, बोट चालेना. इतकी वर्षं मी हवेत बार काढलाय आणि आज पहिल्यांदा तो कोणावर काढायचा ते मला दिसत होतं. लेकीच्या अंगावर आणखी एक घाव, नुसता आवाजाचा का होईना, घालवेना. संचालकांचे हात वर राहिले. सभागृहात कोणी खोकलं. शांतता लांबली.

ढमीने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. बाबा.

मी नकारार्थी मान हलवली. मला वाटलं, मी तिला वाचवतोय.

मग ती पडली. बाराशिवाय. व्हायोला छातीशी धरून पाठीवर कोसळली, तिचं डोकं फरशीवर वाजलं आणि लोक खदखदून हसले. भाऊ आले नाहीत. ते पडद्याआड होते, बाराची वाट बघत. ती पडून होती, शिंगं वाकडी, डोळे उघडे, आणि ते डोळे बाजूच्या दाराकडे लागलेले. तेव्हा मला कोट आठवला. गुंड्या. हिची डोकेदुखी. रस्त्यावरचं दार. शेवटच्या टाळीपर्यंत परत यायचं नाही.

मी बार काढला.

आयुष्यात पहिल्यांदा उशिरा. भाऊ सुटल्यासारखे धावत आले. तिला फळीवर घातलं. वाद्यवृंद उसळला. फळी दारातून गेली आणि लोकांनी टाळ्यांनी ताल धरला.

पुढे हॉर्नचा विजयाचा सूर असतो. तो आला आणि मधेच फाटला. जावयाने हॉर्न ओठांवरून काढला होता. तोही दाराकडे बघत होता. व्हायोला खुर्चीवर नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मूर्ख नाही तो. तो उठला.

हॉर्नपासून त्या दाराकडे जायचं तर माझ्या ढोलांमधल्या बोळातूनच जावं लागतं. मी तिथे उभा राहिलो.

“बाजूला व्हा, बाबा.” आवाज चढवला नाही त्याने. हॉर्न काखेत होता.

“बसा, जावईबापू. तुमचा सूर येतोय.”

त्याने डावा हात माझ्या गळ्यावर घातला. किती सहज बसला तो. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या. दाबलं, तेव्हा माझ्या कानांत माझाच ढोल वाजू लागला. पाठ पितळी झांजांवर आदळली, त्या कोसळल्या, लोक आणखी हसले. मला श्वास मिळत नव्हता. त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर लांब होतं. ओठांवर हॉर्नच्या मुखाचा गोल ठसा होता, लालसर. त्याचा दागिना.

मी पिस्तूल त्या ठशाला लावलं आणि राखीव बार काढला.

केस जळल्याचा वास आला. तो माझ्या गळ्याला धरूनच खाली बसला, मग सोडलं. तोंड होतं तिथे काळं आणि लाल एकत्र होतं, त्यातून दात दिसत होते आणि एक शिट्टीसारखा आवाज येत होता, स्थिर, बराच वरचा सूर. मोठ्या ढोलाच्या कातड्यावर रक्ताचे थेंब होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. संचालकांनी वादन थांबवलं नाही. शेवटच्या टापा उरल्या होत्या. मी वाजवल्या.

काल दिवसभर पोलीस ठाण्यात होतो. रीतीप्रमाणे जबाब घेतात. डॉक्टर म्हणतात जगेल, ओठ राहणार नाहीत. हॉर्न संपला. चौथा हॉर्नवाला कुबडीवर तिथे आला होता. बासरीवाली होती. संचालक होते. सगळ्यांनी एकच सांगितलं, की म्हाताऱ्याचा हात झांजांत अडकला आणि राखीव बार चुकून उडाला. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं. मला नवल वाटलं. सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत होतं की काय?

आज सकाळी हिचा फोन आला. कुठून ते सांगितलं नाही. ढमी झोपली आहे म्हणाली.

“दोघींनी मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्याशी बोलायला गेला असतात.”

गेलोच असतो. त्यात काय चुकलं? घरातली गोष्ट बोलून मिटवायची असते. मी तसं म्हणालो.

“ढमीला फोनवर दे.”

“झोपली आहे, सांगितलं ना.”

“मग उठली की सांग, तिचा बाप विचारत होता. आणि पडली ती छान पडली.”

“सांगते,” ही म्हणाली. फोन ठेवला.

दुपारी पुन्हा ठाण्यात बोलावलं होतं. अधिकारी समंजस माणूस आहे, मैफलीला होता म्हणे, लेकरांना घेऊन. जबाब लिहून तयारच ठेवला होता. खाली सही करायची होती.

“दुसरा बार चुकून उडाला. बरोबर ना, काका?”

मी कागद परत त्याच्याकडे सरकवला.

“चुकला तो पहिला,” मी म्हणालो. “पहिला उशिरा झाला. दुसरा वेळेवर होता.”